गादीची खोळ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापूस पिकतो, आणि ज्या मुलखांत जें पिकतें तें त्या मुलखांतील माणसांच्या पोटांत नाहीं तर निदान अंगाखालीं तरी असतेंच. फुलसावंगी हें आमचें गांव महागांव तालुक्यांत आहे. गादी ही बाजारांतून विकत आणावयाची वस्तु आहे असें आम्हांस बाळपणीं कोणी सांगितलें असतें तर आम्हांस हंसूं आलें असतें. वेचणी झाली कीं घरापुरती रुई बाजूस काढून ठेवावयाची, थंडीच्या सुमारास पिंजारी दारांत आला कीं त्याला ओसरीवर बसवावयाचें, आणि दिवसभर त्याच्या तांतेचा टणत्कार ऐकत त्याच्या भोंवतीं घोटाळावयाचें, हा आमच्या घरचा एक वार्षिक सोहळाच होता. संध्याकाळीं तो उठे तेव्हां त्याच्या भुंवयांवर व मिशांवर पांढरी लव बसलेली असे, आणि तो खोकत खोकत पाणी मागे. त्या खोकल्याकडे मात्र घरांतल्या कोणाचें लक्ष जात नसे.

एकत्र कुटुंबांत अंथरुणांची मोजदाद हीच खरी खानेसुमारी होय. आमच्या घरीं आज लहानमोठीं मिळून चौदा माणसें आहेत आणि गाद्या एकवीस आहेत. वरच्या सात पाहुण्यांच्या. प्रत्येक गादीस इतिहास आहे. कोणती कोणाच्या लग्नांत भरली, कोणती बाळंतिणीसाठीं मऊ करून घेतली, हें आमच्या मातुःश्रींस आज नव्वदीच्या घरांत असतांहि तोंडपाठ आहे. त्यांची स्वतःची गादी सर्वांत जुनी. आमच्या वडिलांनीं शेवटची जी कपाशी लावली तिची रुई तींत आहे. मध्यंतरीं ती दोनदां पिंजून घेतली, वरची खोळ तीनदां बदलली, परंतु रुई तीच आहे. या गादीवर मातुःश्रींच्या कुशींत आमच्या धाकट्या बंधूंची सात वर्षांची नात निजते, आणि त्या मुलीस दमा आहे. या लेखाचा विषय इतकाच. परंतु तो वाटतो तितका लहान नाहीं.

गेल्या कांहीं पावसाळ्यांत या मुलीचे हाल आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. निजानीज झाली कीं कोरडा खोकला सुरू व्हावा, मध्यरात्रीनंतर छातींत शीळ वाजूं लागावी, आणि पहांटे तीनच्या सुमारास तिनें उठून बसावें. हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, डोळे आमच्याकडे लागलेले. सात वर्षांचें लेंकरूं अशा वेळीं रडत नाहीं, कारण रडावयासहि श्वास लागतो. सकाळ झाली कीं तें बरें होऊन खेळूं लागे, आणि घरांतील मोठीं माणसें कारणांचा शोध करूं लागत. एकीचें म्हणणें, रात्रीं ताक दिलें म्हणून. दुसरीचें म्हणणें, दृष्ट लागली म्हणून. आमच्या बंधूंचें म्हणणें, शाळेंतल्या मुलांची सर्दी आणली म्हणून. यांपैकीं शेवटल्या कारणांत तथ्य आहे, आणि तें पुढें येईल.

आम्ही संस्कृताचे मास्तर असल्यामुळें आमचा हात साहजिकच चरकसंहितेकडे गेला. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायांत श्वासरोगाचें प्रकरण आहे. त्यांत तमकश्वासाचें जें चित्र काढलें आहे, तें वाचतांना आमच्या माजघरांतली ती पहांट कोणी लिहून ठेविली आहे कीं काय असें वाटतें. आडवें झालें कीं त्रास वाढतो, बसलें कीं थोडा आराम पडतो. आभाळ आलें, पाऊस पडला, थंडी व पूर्वेचा वारा सुटला कीं विकार बळावतो. हें सर्व तेथें आहे. आणि कारणांच्या यादींत रज व धूम, म्हणजे धूळ व धूर, हीं दोन्ही नांवानिशीं आहेत. याहून आम्हांस नवल वाटलें तें शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांतील एका उल्लेखाचें. बालकाचें अंथरूण-पांघरूण कसें असावें हें सांगतांना चरक म्हणतात कीं तें मऊ, हलकें, स्वच्छ व सुगंधि असावें. घाम, मळ व जंतु असलेलें अंथरूण टाकून द्यावें. आणि दुसरें मिळण्याजोगें नसेल तर तेंच चांगलें धुऊन, धुरी देऊन, कोरडें करून वापरावें. दोन हजार वर्षांपूर्वीं ‘जंतु’ म्हणतांना त्यांच्या डोळ्यांपुढें ऊ व ढेकूण असतील. डोळ्यांस न दिसणारा जीव त्यांस ठाऊक होता असें सिद्ध करण्याची हौस आम्हांस नाहीं. परंतु मुलाच्या प्रकृतीचा विचार करतांना अंथरुणाकडे पाहिलें पाहिजे, ही त्यांची दृष्टि मात्र खरीच होती.

आतां एक गोष्ट घरांतल्या बायकांनीं आमच्या आधीं हेरली होती. वैशाखांत सारें घर अंगणांत व गच्चीवर बाजा टाकून निजतें. त्या दोन महिन्यांत ही मुलगी एकदांहि पहांटे उठून बसत नाहीं. मृगाचा पाऊस पडला, बिछाने माजघरांत आले, आणि आषाढ-श्रावण लागला कीं पहांटेचा तो प्रकार सुरू. पुसदच्या बालरोगतज्ज्ञांस ही हकीकत सांगितली तेव्हां ते लिहितां लिहितां थांबले व म्हणाले, “गादी कशाची आहे?” पुढें नागपुरास नेऊन तिच्या हातावर निरनिराळ्या द्रव्यांचे थेंब टाकून सुईनें किंचित् टोंचून परीक्षा केली. परागाच्या थेंबांस कांहीं झालें नाहीं. घरच्या धुळींतील कोळ्याच्या थेंबास मात्र पंधरा मिनिटांत गांधी उठली.

‘कोळी’ हा शब्द आम्हीं बुद्ध्याच वापरला आहे. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्यास ‘लाल कोळी’ सांगावा लागत नाहीं. पानाच्या खालच्या बाजूस बसून रस शोषणारा तो आठ पायांचा टिंब त्यानें पाहिलेला असतो. गादींतला जीव त्याच गोत्राचा. डॉक्टर त्यास ‘डस्ट माइट’ म्हणतात. लांबी मिलिमीटरचा सुमारें तिसरा हिस्सा, रंग जवळजवळ पारदर्शक, त्यामुळें तो नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. शास्त्रीय नांव डर्मॅटोफॅगॉइडीस. ग्रीक भाषेंत डर्मा म्हणजे त्वचा व फागेइन म्हणजे खाणें. आपण त्वग्भक्षक म्हणावें. नांव ऐकून भिण्याचें कारण नाहीं, कारण तो जिवंत त्वचेस स्पर्श करीत नाहीं, ढेकणासारखा चावत नाहीं, रक्त पीत नाहीं. आपल्या अंगावरून रोज जो अदृश्य कोंडा झडतो, त्यावर तो पोट भरतो. मनुष्य आयुष्याचा तिसरा हिस्सा गादीवर काढतो, तेव्हां हा कोंडा सर्वांत अधिक कोठें सांठणार हें सांगणें नको. पाणी तो पीत नाहीं. हवेंतला ओलावा अंगानें शोषून घेतो. हवा २५ अंश उष्ण आणि आर्द्रता शेंकडा ७५ ते ८० असली कीं त्याची भरभराट होते. आर्द्रता पुष्कळ दिवस शेंकडा ५० च्या खालीं राहिली कीं तो वाळून मरतो. आमच्याकडे वैशाखांत पारा बेचाळिसाच्या वर चढतो आणि दुपारची हवा पापडासारखी कोरडी असते. श्रावणांत भिंतीस हात लावला तरी ओल लागते. बायकांनीं हेरलेल्या गोष्टीचा बराचसा उलगडा यांत आहे. बराचसा म्हणण्याचें कारण असें कीं पावसाळ्यांत भिंतींवर बुरशी येते व शाळेंतून सर्दीपडसेंहि घरीं येतें, आणि हीं दोन्ही दम्यास चेतवितात. सर्व अपराध एका कोळ्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

या जीवाचा पत्ता लागावयास बराच काळ गेला. घरांतल्या धुळीनें दमा उठतो हें १९२१ सालीं अमेरिकेंतील कर्न यांनीं रोग्यांच्याच घरची धूळ घेऊन दाखविलें होतें. पण धुळींतलें नेमकें काय बाधतें तें कोणास सांपडेना. १९२८ सालीं जर्मनींत डेकर यांनीं अंथरुणांतल्या कोळ्यांवर बोट ठेविलें, परंतु त्यांचें म्हणणें मागें पडलें. शेवटीं १९६४ सालीं हॉलंडांतील लायडन येथें फोरहोर्स्ट हे वैद्य व स्पीक्स्मा हे प्राणिशास्त्रज्ञ या दोघांनीं धूळ आणि कोळी यांची गांठ पक्की बांधून दिली. हॉलंड देशाचा बराच भाग समुद्राच्या पातळीखालीं वसलेला व ओलसर, तेव्हां हा शोध तेथेंच लागावा यांत आश्चर्य नाहीं. पुढें १९८१ सालीं टोव्ही, चॅपमन व प्लॅट्स-मिल्स यांनीं दाखविलें कीं मुख्य बाधा कोळ्याच्या देहाची नसून त्याच्या विष्ठेची आहे. आपल्याकडे कलकत्त्याच्या दमट हवेंत या कोळ्यांचा बराच अभ्यास झाला. आणि त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठांत प्रा. टिळक यांनीं हवेंतील परागांचा व बुरशीचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यांत घरची धूळहि आली.

विष्ठेची ही गोष्ट जेवणाच्या पंक्तींत सांगण्याची नव्हे, परंतु खोळीचें सारें मर्म तींतच आहे. एक कोळी दिवसास सुमारें वीस गोळ्या टाकतो. एकेक गोळी सुमारें वीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आमच्या वैद्यलोकांत बारीक चूर्णास ‘वस्त्रगाळ’ म्हणतात. ही गोळी वस्त्रगाळाहूनहि बारीक. गोळींत कोळ्याचा पाचक रस असतो, आणि ती ओल्या श्वासनलिकेवर पडली कीं तो रस सुटून तेथील अस्तराची वीण सैल करतो. मग ज्याच्या शरीरास त्या द्रव्याचें वांकडें आहे त्याच्या श्वासनलिका सुजतात व आंवळतात. अशा गोळ्या हवेंत फार वेळ तरंगत नाहींत, थोड्याच वेळांत खालीं बसतात. म्हणून त्या नाकांत जाण्याची खरी वेळ म्हणजे आपण गादीवर अंग टाकतों, कूस बदलतों, उशींत तोंड खुपसतों ती. मातुःश्रींच्या कुशींत निजणाऱ्या मुलीचें नाक रात्रभर कोठें असतें, याचा विचार वाचक-भगिनींनीं करावा.

आमच्या घरच्या भाषेंत गादीस खोळ व उशीस अभ्रा. खोळ गादीबरोबर शिवली जाते व फाटेपर्यंत राहते. अभ्रा आठवड्यास धुतला जातो. डॉक्टरांनीं सांगितलेली खोळ या दोहोंहून निराळी. ती गादीच्या सहाहि बाजू झांकते, तिला चेन असते, आणि तिच्या कापडाचीं छिद्रें दहा मायक्रॉनहून लहान असतात. त्यांतून घामाची वाफ व हवा थोडी जाते, पण वीस मायक्रॉनची गोळी जात नाहीं. आंतला कोळी आंत राहतो, व बाहेरचा कोंडा आंत न गेल्यामुळें त्याचें अन्नहि तुटतें. मांजरपाटाच्या नेहमींच्या खोळींतून या गोळ्या सहज बाहेर येतात. कापडाच्या विणीस किती महत्त्व आहे याचें एक मौजेचें उदाहरण आमच्या वाचनांत आलें. पिसांची उशी दमेकऱ्यास वाईट व कृत्रिम तंतूंची चांगली असें विलायतेंत पुष्कळ वर्षें मानीत. परंतु १९९६ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत आलेल्या एका निबंधांत कृत्रिम तंतूंच्या उशांत कोळ्याचें द्रव्य उलट अधिक आढळलें. कारण पीस टोंचून बाहेर येऊं नये म्हणून त्या उशीचें कापडच दाट विणीचें असतें! तेव्हां कापसाची गादी काढून स्पंजाची आणली कीं प्रश्न सुटला असें समजूं नये. स्पंजहि कालांतरानें कोळ्यांनीं भरतो. सांवरीच्या कापसाची उशीहि त्याला अपवाद नाहीं.

खोळ आणण्याच्या कामीं पहिला अनुभव वाईट आला. शहरांतील एका दुकानदारानें, नांव सांगत नाहीं, ‘डॉक्टरी खोळ’ म्हणून जी वस्तु दिली ती जाड प्लास्टिकची पिशवीच होती. तिच्यावर निजल्यास अंगाखालीं वाळलेल्या पळसाच्या पानांसारखा आवाज होई, आणि भाद्रपदाच्या उकाड्यांत घामाचें तळें सांठे. मुलगी मध्यरात्रीं उतरून खालीं फरशीवर जाऊन निजे. दमेकऱ्यानें गादीच सोडल्यावर खोळ उत्तम ठरणारच! दुसरी खोळ दाट विणीच्या कापडाची मिळाली. तिच्या किंमतींत एक नवी गादी भरून झाली असती. तीच गोष्ट आमच्या बंधूंनीं तीन दिवस सांगितली. कापड पारखण्याची एक शाळामास्तरी युक्ति आम्हीं केली ती सांगतों. खोळीच्या कोंपऱ्यांत मूठभर मैदा बांधून काळ्या पाटीवर झटकला. मैदा गळला तर तें कापड निरुपयोगी हें नक्की. न गळला तर तें उपयोगी आहेच असें मात्र सिद्ध होत नाहीं. व्यतिरेक व अन्वय यांतला हा भेद दुकानदारांस पटत नाहीं, पण गिऱ्हाइकानें ध्यानांत धरावा.

खरा प्रश्न मातुःश्रींच्या गादीचा होता. डॉक्टरांचा सल्ला असा कीं जुनी गादी काढून टाकतां आल्यास उत्तम. हें वाक्य घरांत उच्चारल्यावर दोन दिवस कोणी कोणाशीं बोललें नाहीं. मातुःश्री रागावल्या नाहींत, त्या म्हणाल्या, “पोरीला त्रास होतो तर मी जमिनीवर निजेन, गादी जाळून टाका.” असें बोलणें रागाहून जड असतें. आमच्या सुनेनें यावर तोड काढली. गादी टाकण्याची गरज जी सांगितली आहे ती आंतलें द्रव्य बाहेर येतें म्हणून. खोळ जर तें बाहेर येऊं देत नाहीं, तर टाकावयाचें कशास? डॉक्टरांस विचारलें; ते म्हणाले, सुनबाईंचें म्हणणें बरोबर आहे. वडिलांच्या कपाशीची रुई आज त्या दाट खोळींत बंद आहे. मातुःश्री चेनवर हात फिरवून म्हणतात, “कुलूप लावलंत माझ्या गादीला,” परंतु त्या तिच्यावरच निजतात, आणि मुलगीहि निजते. मुलगी ज्या ज्या अंथरुणावर निजते, तीं सर्व झांकावीं लागतात हेंहि ओघानेंच आलें. एकत्र कुटुंबांत मूल एका जागीं निजत नाहीं. आज पणजीजवळ, उद्यां काकूजवळ. शेवटीं माजघरांतल्या चार गाद्या व सहा उशा झांकल्या, आणि उरलेल्या गाद्यांवर तिनें लोळूं नये असा हुकूम सुटला. तो हुकूम ती किती पाळते हें आम्हांस ठाऊक आहे.

आतां खोळीची खरी योग्यता काय, हें स्पष्ट लिहिणें आमचें कर्तव्य आहे. कारण येथें एका मुलीच्या श्वासाशीं गांठ आहे. २००३ सालीं विलायतेंत १,१२२ प्रौढ दमेकऱ्यांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांस खऱ्या खोळी, निम्म्यांस दिसण्यांत तशाच पण सच्छिद्र. कोणास काय मिळालें हें त्यांस ठाऊक नाहीं. वर्षाअखेर दोन्ही पक्षांत फरक दिसला नाहीं. त्याच वर्षीं हॉलंडांत, नाक वाहणें व शिंका यांनीं पीडलेल्यांवर केलेल्या प्रयोगांतहि तेंच आढळलें. २००८ सालीं गेट्शे व जोहान्सन या डॅनिश संशोधकांनीं कोळी घालविण्याच्या निरनिराळ्या उपायांवरील ५४ प्रयोग एकत्र तपासून असाच प्रतिकूल निर्णय दिला. हें वाचून आमचे बंधु म्हणाले, “पैसे पाण्यांत गेले.” परंतु २०१७ सालीं इंग्लंडाच्या वायव्य भागांतील मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. कोळ्याचें वांकडें असलेलीं आणि दम्याचा जोराचा झटका येऊन रुग्णालयांत आणावीं लागलेलीं अशीं ३ ते १७ वर्षांचीं २८४ मुलें त्यांत होतीं. वर्षभरांत सच्छिद्र खोळीच्या मुलांपैकीं शेंकडा ४१.५ मुलांस पुन्हां झटका येऊन रुग्णालयांत जावें लागलें. खऱ्या खोळीच्या मुलांपैकीं शेंकडा २९.३ मुलांस. पोटांत स्टेरॉइड घ्यावें लागण्याच्या बाबतींत मात्र फरक पडला नाहीं. आमच्या मतें याचा अर्थ असा: ज्या मुलाची परीक्षा करून कोळ्याचें वांकडें ठरलें आहे, त्याच्यासाठीं खोळ घ्यावी, ज्याचें तसें ठरलेलें नाहीं त्याच्यासाठीं घेऊं नये, आणि चाळीस वर्षें दमा असलेल्या मनुष्यानें तिच्यावर फार भिस्त ठेवूं नये.

आणि औषध बंद करूं नये. हें वाक्य आम्ही वेगळें लिहितों, कारण यावरून आमच्या घरीं मोठा वाद झाला. मुलीस औषधाचा पंप सकाळ-संध्याकाळ दिला जातो. मुलीच्या जातीस पंप लागतो ही गोष्ट नातेवाइकांत फुटली तर पुढें लग्नाच्या वेळीं अडचण, ही भीति तिच्या मातोश्रींच्या माहेरून आली. आणि पंपाची संवय लागते ही समजूत तर गांवोगांव आहे. खोळ घरांत येतांच, “आतां हवा शुद्ध झाली, पंप सोडा,” असा ठराव जवळजवळ झालाच होता. आम्हीं त्यास विरोध केला, आणि आमच्या वयाचा अधिकार आम्हीं क्वचितच वापरतों तो त्या दिवशीं वापरला. पंपांतलें औषध श्वासनलिकेची सूज उतरवितें. खोळ फार झालें तर सूज चढविणारें एक कारण कमी करते. आग लागली असतां बाहेरचें सरपण दूर केलें म्हणून आंतली आग विझत नाहीं. वरील इंग्लंडांतील मुलेंहि औषध सोडून खोळींत निजलीं नव्हतीं. सात वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी करावयास अजून वेळ आहे. तिच्या पहांटेच्या श्वासास वेळ नाहीं. पंप चालू आहे. तो कमी करावयाचा झाल्यास डॉक्टर करतील.

धुरीविषयीं दोन शब्द. चरकांनीं अंथरुणास धुरी सांगितली आहे हें खरें, आणि आमच्याकडे कडुनिंबाचा पाला जाळण्याची वहिवाटहि आहे. परंतु त्याच चरकांनीं श्वासाच्या कारणांत धूमहि घातला आहे. ज्या घरीं दमेकरी आहे त्या घरांत दोहोंपैकीं कोणतें वचन बलवत्तर मानावें हें सांगावयास मीमांसक नको. उदबत्ती, धूप व डांबराच्या गोळ्या आम्हीं माजघरांतून हलविल्या आहेत. देवघरांत निरांजन पुरतें. उलट उन्हाविषयीं आमच्या आज्या जें म्हणत तें टिकलें. सिडनी येथें १९९४ सालीं टोव्ही व वुलकॉक यांनीं गालिचे कडक उन्हांत घालून पाहिले तेव्हां त्यांतील कोळी मेले. पण मेलेल्या कोळ्याची विष्ठा उन्हानें नाहींशी होत नाहीं, म्हणून वाळविलेली गादी अंगणांत, मूल दूर पाठवून, चांगली झोडपावी लागते. पिंजणेंहि मूल घरीं नसतांनाच करावें.

येथें गोधडीची बाजू घेतल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. जुन्या धोतरांची व लुगड्यांची वाकळ ही गादी-रजईपुढें दरिद्री समजली जाते. परंतु ती कढत पाण्यांत धुतां येते, आणि रजई येत नाहीं. कोळी मरावयास पाणी निदान ५५ अंश कढत लागतें. थंड पाण्यांत विष्ठा बरीच धुऊन जाते पण कोळी जिवंत राहतो. खोळ स्वतः वारंवार धुवावी लागत नाहीं, ओल्या फडक्यानें पुसली तरी चालते. तिच्यावरची चादर, अभ्रे व पांघरुणें मात्र आठवड्यास कढत पाण्यांत गेलीं पाहिजेत. तीं तशींच पडूं दिलीं तर खोळीच्या वरच पुन्हां कोंडा व कोळी सांठूं लागतात.

आठवड्यास म्हणणें सोपें आहे. चार बिछान्यांच्या चादरी, सहा अभ्रे व तितक्याच वाकळा, श्रावणाच्या पावसांत कढत पाण्यांत भिजविणें, पिळणें व ओसरीवर वाळविणें, हें काम कोणावर पडतें? पहिल्या महिन्यांत तें अर्थातच सुनांवर पडलें. दुसऱ्या महिन्यांत धाकट्या सुनेनें डॉक्टरांनींच येऊन धुवावें असें स्पष्ट सांगितलें. तिच्या म्हणण्यांत आम्हांस कांहीं गैर दिसलें नाहीं. एका माणसाच्या अंगावर सारा उपाय लोटला कीं तो दोन महिन्यांत बंद पडतो, हें आम्हीं शाळेच्या बागेपासून पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. आतां व्यवस्था अशी आहे: शनिवारीं पहांटे बंब पेटविण्याचें काम आमच्याकडे, चादरी काढण्याचें मुलांकडे, पिळण्याचें आमच्या दोन पुतण्यांकडे. पुतण्यांनीं प्रथम तोंडें वांकडीं केलीं. त्यांतला एक नांदेडास नोकरीस असून शुक्रवारीं रात्रीं घरीं येतो, तो म्हणे, “काका, वॉशिंग मशीन आणूं या.” पाणी कढत करणारें यंत्र मिळतें, आणि तें आणावयासहि हरकत नाहीं; परंतु आमच्या गांवीं पावसाळ्यांत वीज केव्हां असेल याचा भरंवसा नाहीं, आणि बंबास पळसाच्या चार काटक्या पुरतात.

या पावसाळ्यांत मुलीस दोन वेळां त्रास झाला. मागच्या पावसाळ्यांत किती वेळां झाला तें आम्हीं मोजलें नव्हतें, पण मोजण्यापलीकडचें होतें. हा गुण खोळीचा, कीं पंपाचा, कीं शनिवारच्या बंबाचा, कीं ती एक वर्षानें मोठी झाली याचा, हें सांगतां येणार नाहीं, कारण आमच्या घरांत सच्छिद्र खोळ दिलेली दुसरी मुलगी नाहीं. भाद्रपदांत एकदां पहांटे तीन वाजतां आम्हांस संवयीनें जाग आली. माजघरांत जाऊन पाहिलें तों पणजी-पणती दोघीहि गाढ निजल्या होत्या, आणि घोरण्याचा जो आवाज येत होता तो मातुःश्रींचा होता.